हातावर बसेल का हो तो? पाळीव सरड्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात कुत्री-मांजरं बाजूला ठेवून सरडे, पाली, इग्वाना पाळणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते. वाटलं होतं चार-दोन पत्रं येतील, तर ढीग आला, आणि नव्वद टक्के लोकांचं रडगाणं एकच की प्राणी माणसाळत नाही. सगळी पत्रं छापायला जागा नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही पत्रांना कात्री लावलीय, राग मानू नका.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सिडनीला असतो. मुलीच्या हट्टापायी बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा घेतला, लायसन्स वगैरे रीतसर काढलंय. येऊन तीन आठवडे झाले पण हात आत घातला की गळा काळा करतो, तोंड वासतो, नाहीतर काचेवर पाय घासत वर चढायला बघतो. कधीकधी मात्र एक हात वर करून हळूच हलवतो, मुलगी म्हणते बाबा तो मला टाटा करतोय. व्हिडिओत तर लोकांच्या खांद्यावर निवांत बसलेले असतात हे प्राणी. आमचं काय चुकतंय? (एक बाबा, सिडनी)

उत्तर : दादा, आधी मुलीची माफी मागून सांगते, तो टाटा नाहीये. हात असा गोल फिरवल्यासारखा हलवणं म्हणजे त्यांच्या भाषेत "मी लहान आहे, मला काही करू नकोस". मोठ्या ड्रॅगनसमोर पिल्लं आणि माद्या असंच करतात. म्हणजे तो तुमच्या मुलीला मोठा ड्रॅगन समजतोय, तिला हे सांगा, तिला टाटापेक्षा जास्त आवडेल बहुतेक. गळा काळा करून फुगवणं ही त्याच्या पुढची पायरी, तेव्हा तो घाबरलाय पण आता लढायच्या तयारीत आहे. आणि मान वरखाली जोरात हलवली तर दादागिरी, हे नर जास्त करतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही हात कुठून घालता? टँकचं, म्हणजे त्याच्या काचेच्या पेटीचं, झाकण वर असेल तर नक्की वरून. हा प्राणी तुमच्याच देशाच्या आतल्या कोरड्या भागातला, उघड्यावर दगडावर, कुंपणाच्या खांबावर ऊन खात बसणारा, आणि त्याच्यावर झडप घालणारे शिकारी पक्षी येतात ते वरून. वर त्याच्या डोक्यावर मधोमध एक बारीक फिकट ठिपका असतो बघा, तो त्याचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही पण उजेड आणि सावली कळते. म्हणजे तुमच्या हाताची सावली वरून पडली की तुम्ही कितीही प्रेमाने हाक मारत असा, त्याच्या दृष्टीने घार आली. पुढून दार उघडणारा टँक मिळाला तर निम्मी भांडणं तिथेच मिटतात. नसेल तर हात बाजूने, त्याला दिसेल असा, त्याच्या नजरेच्या खालच्या पातळीवरून न्यायचा.

पण हाताच्याही आधी उष्णता बघा. मला पत्र आलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते आणि लोक वैतागतात, की आम्ही प्रेमाचं विचारतोय आणि तुम्ही बल्बचं सांगताय! पण खरंच तसं आहे. ऊन खायच्या जागेवर दगडाचं तापमान साधारण 38 ते 42 डिग्री पाहिजे आणि टँकचं दुसरं टोक 25च्या आसपास, म्हणजे त्याला हवं तिकडे जाता येतं. काचेला चिकटवायच्या गोल काट्याच्या थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका, बंदुकीसारखा इन्फ्रारेड मिळतो तो घ्या आणि दगडावर धरा. यूव्हीबीची ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा) टँकच्या निम्म्याहून जास्त लांबीची हवी आणि ती दिसायला पेटत असली तरी यूव्ही हळूहळू कमी होत जातं म्हणून कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायची, बहुतेकांची सहा महिने ते वर्ष असते. ज्याला ऊब मिळत नाही त्याचं खाल्लेलं पचत नाही, ज्याचं पचत नाही तो चिडचिडा नाहीतर मलूल असतो, आणि अशा प्राण्याला माणसाळवायला जाणं म्हणजे ताप आलेल्या पोराला पाढे शिकवण्यासारखं आहे.

काचेवर पाय घासण्याचं कारण बहुतेक वेळा स्वतःचं प्रतिबिंब असतं, त्याला वाटतं समोर दुसरा ड्रॅगन आहे आणि जातच नाही. तीन बाजूंना बाहेरून कागद लावून बघा. टँक छोटा असेल तरी हेच होतं, मोठ्या ड्रॅगनला चार फूट लांब, दोन फूट रुंद ही कमीत कमी जागा.

हे सगळं झालं की मग हात. पहिले आठ-दहा दिवस त्याला उचलायचंच नाही, नुसतं खायला घालायचं, पाणी बदलायचं, शी उचलायची, आणि रोज साधारण त्याच वेळी टँकजवळ बसून तुमचं काय ते काम करायचं, मुलीला तिथेच अभ्यासाला बसवा. तुम्ही तीन आठवडे रोज प्रयत्न केलाय तर आता एक आठवडा पूर्ण सुट्टी द्या आणि परत सुरुवात करा. नंतर हात आत नुसता ठेवायचा, पालथा, न हलवता, पाचेक मिनिटं. तो पळाला तरी हात झटकन काढायचा नाही. नाहीतर तो शिकतो की गळा काळा केला की हात जातो, आणि ते तो फार लवकर शिकतो! तो शांत झाला की मग हळूच काढायचा. मात्र चावायलाच आला तर शहाणपणा करत बसू नका. पुढे हातावर एखादा रातकिडा नाहीतर भोपळ्याचा किस, आणि तो आपणहून पाय ठेवतोय का याची वाट बघायची. काहींना आठवडा लागतो, काहींना तीन-चार महिने, आणि हे पूर्ण त्याच्यावर आहे, तुमच्या मायेवर नाही.

उचलताना बाजूने छातीखाली हात सरकवायचा, चारही पाय आणि पोट हातावर टेकलं पाहिजे. पाय लोंबकळले की त्याला वाटतं आपण पडतोय आणि मग तो धडपडतो. शेपटीला धरून कधीही नाही, बिअर्डेड ड्रॅगनची तुटलेली शेपूट परत येत नाही. सुरुवातीला जमिनीवर बसून पाच-दहा मिनिटं बास. आणि व्हिडिओत बघून त्याला उताणा करून "झोपवू" नका, सरड्यांना आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो, उताणं ठेवलं की श्वास घ्यायला त्रास होतो, तो जो गप्प पडतो ते सुख नसतं.

जाता जाता, तुमच्याकडे हा घरचा प्राणी आहे पण जगात बाकीकडे जे लाखो बिअर्डेड ड्रॅगन आहेत ते सगळे पिंजऱ्यात जन्मलेल्यांची पोरंबाळं, कारण ऑस्ट्रेलिया आपले जंगली प्राणी धंद्यासाठी बाहेर जाऊच देत नाही, जे मूळचे गेले ते बहुतेक चोरून नेलेले. रानातून पकडलेला तुमच्याकडेही लायसन्सवर चालत नाही, म्हणून पिकनिकला गेल्यावर दिसला तर मुलीला लांबूनच दाखवा.

प्रश्न : ताई, मी पुण्यात वाकडला राहतो, ग्रीन इग्वाना जातीचा मोठा सरडा आहे, नर. दुकानात होता तेव्हा हातावर झोपायचा, घरी आणल्यावरही काही महिने एकदम गरीब. आता तीन वर्षांचा झालाय आणि डिसेंबरपासून काय झालंय कळत नाही, शेपटीचे फटके मारतो, परवा मनगटाला चावला, टाके पडले. आई म्हणते सोडून ये कुठेतरी. प्रेमाने वाढवला तरी असा का उलटला? (वाकडमधला एक वाचक)

उत्तर : टाके पडलेत म्हणजे आधी डॉक्टरांना इग्वाना चावला असं स्पष्ट सांगितलंत ना? जखम वरून छोटी दिसते पण त्यांचे दात करवतीसारखे असतात, आणि जखम चिघळायला वेळ लागत नाही, तेव्हा सूज किंवा पू दिसला तर थांबू नका.

आता उलटला का. दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात आणि तुम्ही त्या एकच समजताय.

पहिली गोष्ट दुकानातली. एसी लावलेल्या दुकानात, ट्यूबलाइटखाली ठेवलेलं इग्वानाचं पिल्लू हातावर "झोपतं" कारण ते गार पडलेलं असतं. ज्या प्राण्याचं अंग बाहेरच्या उन्हावर चालतं त्याला 20-22 डिग्रीत पळायची ताकदच नसते. वर डोळे मिटतो म्हणून लोक म्हणतात बघा कसं लाडात आलंय. खूपदा इग्वाना डोळे मिटतो ते समोरचं नको असलं की, म्हणजे मला हे बघायचंच नाहीये, संपू दे एकदाचं. हा गरीबपणा बघून लोक विकत घेतात, घरी आणून नीट ऊब देतात, चांगलं खायला घालतात आणि महिन्या-दोन महिन्यांत तो पळायला, फटके मारायला लागतो की लगेच फोन, ताई बिघडला! बिघडला नाही हो, बरा झाला. खरं माणसाळवणं तिथून सुरू होतं आणि बरेच लोक नेमके तिथेच हात टेकतात. तुमच्या बाबतीत ही पायरी बहुतेक आलीच नाही, म्हणजे तो सुरुवातीपासून गारच राहिला असेल का, हे तपासून बघा, कारण तसं असेल तर हाडांवर परिणाम होतो. जबडा मऊ, सुजलेला वाटतोय का, पाय थरथरतात का, हे सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणाऱ्या व्हेटला दाखवाच. सगळ्याच व्हेटना यातलं कळत नाही, फोनवर आधी विचारून जा.

दुसरी गोष्ट डिसेंबर. तीन वर्षांचा नर म्हणजे वयात आला. थंडीच्या महिन्यांत त्यांचा माजाचा काळ असतो, अंगावर नारिंगी छटा येते, मान सारखी हलवतो, खाणं कमी होतं, आणि ज्याला तो रोज भेटतो तो माणूस त्याला अचानक प्रतिस्पर्धी नाहीतर जोडीदार वाटायला लागतो. दोन्हीत चावा असतोच. हे तुमच्या प्रेमाच्या कमीजास्तपणावर नाही. काही आठवडे ते दोन-तीन महिने हे चालतं आणि मग उतरतं. या काळात हाताळणी बंद, फक्त काम. आत हात घालताना जाड टॉवेल, पूर्ण बाह्यांचं जाकीट, चेहरा कधीही त्याच्या पातळीवर न्यायचा नाही. खोलीत मोठा आरसा असेल तर झाका. आडवा होऊन, अंग चपटं करून, गळ्याची झालर ताणून एक बाजू दाखवायला लागला की ती शेवटची सूचना, पुढचा फटका शेपटीचा, आणि मोठ्या इग्वानाच्या शेपटीने वळ उठतात.

माज उतरल्यावर परत पहिल्यापासून. एक युक्ती इग्वानावाले करतात ती चांगली आहे, तुमचा वापरलेला, न धुतलेला टीशर्ट त्याच्या बसायच्या जागेजवळ ठेवायचा. ते जीभ बाहेर काढून हवेतला वास घेतात, तुमचा वास रोजचा झाला की निम्मी भीती जाते. त्या काळात साबण आणि परफ्यूम सारखे बदलू नका. खायचं हातानं भरवण्यापेक्षा ताटलीत द्या, बोटं आणि खाणं यातला फरक त्याला कळू दे. खाण्यात लसूणघास, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, लाल भोपळा हे रोजचं ठेवा, पालक नको कारण तो कॅल्शियम अडवून धरतो, आणि चिकन-अंडी तर अजिबात नाही, इग्वाना पक्का शाकाहारी आहे, आमच्या सदाशिव पेठेतल्या आत्यासारखा.

पुण्यात हिवाळ्यात रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि त्यात महावितरणने दगा दिला तर पहाटेपर्यंत तो थिजून जातो. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर मिळतो, तो थर्मोस्टॅटवर लावा आणि इन्व्हर्टरवर जोडा.

आता आईंचं वाक्य. सोडायचा नाही, कुठेही नाही, ना पाषाणच्या टेकडीवर ना सिंहगडाच्या पायथ्याला. तो मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला प्राणी, एकतर थंडीत मरेल नाहीतर जगला तर इथल्या जिवांच्या मुळावर येईल, अमेरिकेत फ्लोरिडामध्ये असेच सोडलेले इग्वाना माजलेत आणि सरकारला डोक्याला ताप झालाय. आणि कागद आहेत का? ग्रीन इग्वाना आंतरराष्ट्रीय यादीत, साइटिस या वन्यजीव-व्यापाराच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून 2022 साली वन्यजीव कायदा बदलला तेव्हापासून तो आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो. 2024च्या फेब्रुवारीत नियम आले आणि केंद्र सरकारच्या परिवेश 2.0 पोर्टलवर नोंद करायला सहा महिने दिले होते, म्हणजे ऑगस्ट 2024पर्यंत. राहिलं असेल तर लपवत बसू नका, वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा. सांभाळणं खरंच जमत नसेल तरी मालक बदलताना त्याच पोर्टलवर कळवावं लागतं, असाच मित्राला देऊन मोकळं होता येत नाही.

प्रश्न : डॅलसहून लिहितेय. मुलाच्या हातात लेपर्ड गेकोची (ठिपक्यांची पाळीव पाल) शेपूटच तुटून आली! पाच मिनिटं ती एकटीच वळवळत होती, घरात रडारड. गेको जगेल ना? आता तो कधी मुलाकडे येणारच नाही का? (घाबरलेली आई)

उत्तर : जगेल, काळजी करू नका. आपल्याकडच्या भिंतीवरच्या पालीही हेच करतात, शत्रूच्या तोंडी वळवळणारी शेपूट देऊन स्वतः सटकायचं. रक्त फारसं जात नाही. टँकमध्ये वाळू किंवा माती असेल तर काढून साधे पेपर टॉवेल घाला, म्हणजे जखमेत कचरा जाणार नाही. उबदार लपायची जागा 32च्या आसपास ठेवा. लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवतो, म्हणजे त्याची फिक्स डिपॉझिटच गेली, म्हणून खाणं थोडं वाढवा. जखम लाल, सुजलेली दिसली तर व्हेट. नवीन शेपूट येईल काही महिन्यांत, पण गुळगुळीत, जाडजूड, गाजरासारखी, जुनीसारखी ठिपक्यांची नाही.

मुलाला रागावू नका. मात्र महिनाभर हाताळणं बंद. नंतर संध्याकाळीच, कारण हा प्राणी दिवसा झोपतो आणि अंधार पडायच्या वेळी उठतो, भर दुपारी उठवून खेळायला काढला तर कोणाचं डोकं फिरणार नाही? मुलाने जमिनीवर बसायचं, दोन्ही हात ओंजळीसारखे, आणि गेकोने एका हातावरून दुसऱ्यावर चालत जायचं, पकडायचं नाही. शेपूट संथपणे डावीकडे-उजवीकडे सापासारखी हलवायला लागला की घाबरलाय, लगेच खाली ठेवायचा. तेच शेपटीचं टोक भरभर थरथरवत किड्याकडे टक लावून बघत असेल तर मात्र तो मजेत आहे, शिकार दिसलीय त्याला. फरक एकदा बघितला की मुलाला कळेल, मुलांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं. आणि त्याच्या अंगावरची त्वचा पांढुरकी, फिकी झाली की कात टाकायला आलाय, ते दोन-तीन दिवस हात लावू नये.

अंगणात काजवे दिसत असतील उन्हाळ्यात, पोरं हौसेने पकडून घालतात, ते सरड्याला विष आहेत. एक काजवासुद्धा मारू शकतो. बाहेर पकडलेले किडे घालूच नका.

प्रश्न : माझ्या ड्रॅगनला मी ओळखू येते का? हॉस्टेलवरून घरी आले की तो टँकच्या पुढे येतो. मैत्रिणी म्हणतात खायला मिळेल म्हणून येतो, प्रेमबिम काही नाही. (नागपूरची एक विद्यार्थिनी)

उत्तर : मैत्रिणींचं अर्धं बरोबर आहे, आणि खरं सांगू का, खायला मिळतं म्हणून आपल्याकडे येणारे दोन पायांचेही कमी नसतात.

सरडे मठ्ठ असतात हा समज जुना झाला आता. इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठात ॲना विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिअर्डेड ड्रॅगनवरच प्रयोग केला, 2014 साली छापून आला. एका ड्रॅगनला डोक्याने जाळीचं दार सरकवून पलीकडचं खाणं मिळवायला शिकवलं, त्याचा व्हिडिओ बाकीच्यांना दाखवला, तर त्यांनी बघून बघून दार उघडलं. ज्यांना दार उघडणारा दाखवलाच नव्हता त्यांना नाही जमलं. म्हणजे बघून शिकणं त्यांना येतं. मग रोज खायला घालणारी, न घाबरवणारी, एका विशिष्ट वासाची, आवाजाची व्यक्ती तो लक्षात ठेवणार नाही, असं मला तरी वाटत नाही.

जोडीबद्दल विचारशील तर दक्षिण ऑस्ट्रेलियात शिंगलबॅक नावाचा एक जाडा, आखूड शेपटीचा सरडा आहे. मायकल बुल नावाच्या शास्त्रज्ञाने 1982पासून त्यांचा पिच्छा पुरवला, त्यांना दिसलं की वर्षभर वेगवेगळे राहणारे नर-मादी वसंतात परत त्याच जोडीदाराला शोधून काढतात, काही जोड्या तर वीस-वीस वर्षं. म्हणजे ओळख आणि ओढ सरड्यांत असते. पण ती सरड्याची सरड्याशी. तुझ्याशी त्याचं जे आहे त्याला मी भरवसा म्हणेन. तो तुझ्याजवळ असताना गळा पिवळसर, फिका, अंग पसरलेलं, डोळे उघडे ठेवून इकडेतिकडे बघतोय, जीभ लावून तुझा हात चाटून तपासतोय, हाताखालून निघून न जाता तिथेच बसतोय, म्हणजे तुझ्यापासून त्याला धोका नाही हे त्याने ठरवलंय. ज्या प्राण्याला सगळं जग खायला टपलेलं असतं त्याने एवढं ठरवणं ही काही छोटी गोष्ट नाही गं. कुत्र्यासारखी शेपूट हलवत धावून येण्याची अपेक्षा ठेवलीस तर तू दुःखी होशील आणि तो मात्र मजेत असेल.

छातीवर येऊन निवांत बसतो तेव्हा बऱ्याच वेळा त्याला तुझ्या अंगाची ऊब हवी असते, हेही सांगून ठेवते. बसू दे की, काय बिघडतंय. फक्त अर्ध्या तासाच्या वर नको, आपल्या अंगाची ऊब त्याच्या ऊन खायच्या दगडाइतकी नसते आणि पचनासाठी त्याला ती लागते, तो तुझ्यावर बसून राहिला आणि पोट भरलेलं असेल तर अन्न तसंच पडून राहतं.

प्रश्न : नातवाने घरात पाल पाळली आहे, चांगली हातभर. आम्ही आयुष्यभर पाल अंगावर पडली की डोक्यावरून पाणी घेणारी माणसं. त्याला विचारलं तर म्हणतो आजी विषारी नसते. नातू म्हणतो तू पण हातात घे. घेऊ का? वय 74. (आजी, नाशिक)

उत्तर : आजी, तुम्ही विचारलंत म्हणजे मनात आहे तुमच्या, हो ना!

विषाचं नातवाचं बरोबर आहे. आपल्या घरातली पाल विषारी नाही आणि दुकानात मिळणारे हे बिअर्डेड ड्रॅगन, गेकोही नाहीत. गिला मॉन्स्टर वगैरे विषारी सरडे आहेत जगात, पण ते अमेरिका-मेक्सिकोकडे. दुधात पाल पडून विषबाधा झाली अशा बातम्या येतात त्यात दोष विषाचा नसतो, पालीच्या अंगावरच्या आणि शीमधल्या जंतूंचा असू शकतो, आणि तीच गोष्ट पाळलेल्या सरड्याची. साल्मोनेला नावाचे जंतू धडधाकट सरड्याच्याही पोटात असतात, त्याला काही होत नाही, आपल्याला जुलाब-ताप होतो. पाच वर्षांच्या आतली मुलं, गरोदर बायका आणि पासष्टच्या पुढची मंडळी यांना ते जड जातं, म्हणून तुम्हाला थोडं जपून.

घ्यायचा असेल तर मांडीवर जुनी ओढणी टाकून त्यावर तो नातवाला ठेवू दे, पाठीवरून डोक्याकडून शेपटीकडे एका बोटाने हात फिरवा, आणि लगेच साबणाने हात धुवा, सॅनिटायझर लावून भागवू नका. तोंडाजवळ न्यायचा नाही, आणि त्याची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायला नातवाला मुळीच परवानगी देऊ नका, त्यासाठी बाथरूममधली वेगळी बादली. तो जिभेने तुमचा हात चाटेल, घाबरून झटकू नका, वास घेतोय तुमचा. अंगावरून पाणी घ्यायचंच असेल तर घ्या, स्वच्छता झाली की झालं.

प्रश्न : आमच्या चुलतभावाला उसाच्या फडात घोरपडीचं पिल्लू सापडलं, त्याने पिंजऱ्यात ठेवलंय, अंडी खातं, आता हातातून खायला लागलंय. कसं माणसाळवायचं? (सांगली जिल्हा)

उत्तर : माणसाळवायचं नाही, आजच सोडायचं नाहीतर वनखात्याच्या ताब्यात द्यायचं. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत, पकडणं-पाळणं गुन्हा आहे आणि तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. तानाजीच्या यशवंतीच्या गोष्टी ऐकून मोठे झालो म्हणून घोरपड पाळता येते असं नाही. तेच आपल्या झाडावरच्या शॅमेलियनचं, रंग बदलतो म्हणून पोरं काठीवर धरून आणतात, तोही कायद्याने संरक्षित आहे आणि पकडला की अन्नपाणी सोडून झुरतो. 1926 हा वनखात्याचा फोन आहे, भावाला सांगा स्वतःहून लावायला. उसातच सापडलंय म्हणजे त्याचं घर तिथेच आहे, उंदीर खाऊन तुमचंच काम करेल.

प्रश्न : गणपतीला दहा दिवस गावी कोकणात जायचंय. बिअर्डेड ड्रॅगनला बरोबर न्यावं का? आमच्याशिवाय खाईल का? (ठाणे)

उत्तर : नेऊ नका. सात-आठ तासांचा प्रवास, घाट, त्यात घरात पन्नास माणसं, आरतीला ढोल-ताशे-झांजा, आणि प्रत्येक भावंडाला तो हातात घेऊन फोटो काढायचा असणार. महिनोन्महिने कमावलेला भरवसा दीड दिवसाच्या गणपतीतच विसर्जित होईल.

मोठा, तब्येतीने चांगला ड्रॅगन घरीच राहू दे. दिवे टायमरवर लावा, सकाळी चालू रात्री बंद. शेजारच्या कोणीतरी एक दिवसाआड यावं, पाला बदलावा, पाणी घालावं, शी असेल तर उचलावी, आणि उचलून घेण्याचा उत्साह दाखवू नये. एक-दोन दिवस न खाल्लं तर फोन करून आम्हाला आरतीतून उठवू नका असं त्यांना बजावून ठेवा. पिल्लू असेल तर मात्र रोज किडे लागतात, मग खरंच ओळखीच्या सरडेवाल्याकडे ठेवा. परत आल्यावर चार दिवस थोडा फटकून वागेल, तुम्ही लगेच उचलायला जाऊ नका. आणि रातकिड्यांच्या डब्याचं झाकण शेजाऱ्यांना उघडून-लावून दाखवून जा, नाहीतर परत याल तेव्हा सोफ्याखालून रात्रभर किरकिर ऐकू येईल आणि ते एकेक पकडत बसायचं काम तुमच्याच गळ्यात पडेल.